वॉरंटीतला फोन सर्व्हिस सेंटरनं आणखी बिघडवून परत दिला, तर तक्रार कुणावर करायची? पैसे परत मिळतात का?

तक्रार तिघांवरही करायची. फोन बनवणारी कंपनी, तिचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि ज्या दुकानातून फोन घेतला तो दुकानदार. ऑनलाइन घेतला असेल तर ज्या साइटवरून घेतला तीसुद्धा. चूक नेमकी कुणाची, हे शोधून काढायचं काम आपलं नाही. ते तिघं ग्राहक आयोगापुढं (अशा तक्रारींचा निकाल देणारं ग्राहकांचं कोर्ट) एकमेकांकडं बोट दाखवतात, दाखवू द्या.

तुम्ही लिहिलंय की चार्जिंग होत नव्हतं म्हणून हिंगोलीहून जाऊन फोन नांदेडच्या सेंटरला दिला, चार्जिंग नीट झालं पण स्पीकर बंद पडला, आणि आता ते म्हणायलेत 'पाणी गेलंय, वॉरंटी संपली'. शिवाय तुमचे मामा म्हणतात की दहा-बारा हजारांच्या फोनसाठी कोर्टकचेरी कोण करतं, हजार-दीड हजार देऊन मोकळा हो. हे मामांचं वाक्य वाचलं नसतं तर कदाचित मी उत्तर लिहायला बसले नसते. आमच्या घरी हेच वाक्य मी माझ्या दिरांच्या तोंडून ऐकलंय आणि अजून ऐकते.

मी सेलूला ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईकं गळ्याच्या, बाहीच्या डिझाइनचे फोटो पाठवतात, निम्म्या बायकांची मापं माझ्या फोनमध्ये असतात. लग्नसराईत फोन बंद पडला की मशीन बंद पडल्यासारखंच. माझ्या फोनचा टच वॉरंटीत असतानाच जायला लागला. स्क्रीनच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची पट्टी, तिथं बोट लागायचंच नाही. 'स्पेस' दाबता येईना. म्हणून परभणीला कंपनीच्या सेंटरला गेले, दीर सोबत होते.

काउंटरवरच्या मुलानं जॉबशीटवर, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याच्या कागदावर, फक्त 'टच इश्यू' एवढं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. खाली ओरखडे, डेंट, लिक्विड डॅमेज असे रकाने होते, सगळे कोरे. मी म्हणलं, हे भरा. तो म्हणला, मॅडम, त्याची गरज नसते. मी म्हणलं, गरज नसती तर छापलंच नसतं. मग त्यानं सिमचा ट्रे बाहेर काढला, आत टॉर्च मारला. आतमध्ये एक बारकी पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. "पांढरीच आहे," असं म्हणून त्यानं लिक्विड डॅमेजच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, ओरखड्यांपुढं 'नाही', डेंटपुढं 'नाही'. मी फोनचे चारही बाजूंनी फोटो दिरांच्या मोबाईलवर काढून घेतले, जॉबशीटचाही काढला. मागं रांग होती. दीर हळूच म्हणले, "वहिनी, लोकं थांबलेत, किती कीस पाडायलात?" मी सही केली ती सगळे रकाने भरून झाल्यावर.

फोन आणायला दीर गेले, त्यांचं परभणीला खताचं काम असतं. सेंटरनं ओटीपी मागितला, त्यांनी मला विचारून दिला, फोन घेऊन आले. बदललेला डिस्प्ले टचला चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण डाव्या खालच्या कोपऱ्यात काच आणि बॉडी यांच्यामध्ये फट होती. नख जात होतं. उजेडात धरलं तर तिथं काळ्या गोंदाचा एक तंतू बाहेर आलेला दिसायचा. मी कटिंगच्या खाकी कागदाची पट्टी कापून त्या फटीत सरकवली, ती सहज आत गेली, आणि त्याचा फोटो काढला. शिवणकाम करणाऱ्या माणसाला अर्धवट घेतलेली शिवण ओळखायला वेळ लागत नाही, तसंच होतं ते. दुसरं म्हणजे फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होईना. गालाचा स्पर्श होऊन कधी म्यूट व्हायचा, कधी फोनच कटायचा. गिऱ्हाईकाला वाटायचं ताईंनी रागानं फोन ठेवला.

ही काही दैवी घटना नाही, कारणं ठरलेली असतात. डिस्प्ले गोंदानं बसवलेला असतो. तो काढला की जुना गोंद पूर्ण खरवडून काढावा लागतो, नवा लावावा लागतो आणि गोंद धरेपर्यंत फोन क्लॅम्पमध्ये दाबून ठेवावा लागतो. घाई केली की कोपरा उचलतो. कानाजवळ जो सेन्सर असतो, त्याच्यावरचं रबर किंवा फिल्म नीट बसली नाही की स्क्रीन विझत नाही. तुमच्या बाबतीतही तसंच काही झालं असण्याची दाट शक्यता आहे. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगचा खालचा बोर्ड आणि स्पीकर अगदी शेजारी असतात, बोर्ड बदलायचा तर स्पीकर काढावा लागतो. परत बसवताना त्याची पिन नीट टेकली नाही तर आवाज येत नाही. हे सेंटरला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मी फोन परत सेंटरला दिला, तर तेव्हा त्यांनी सांगितलं, 'लिक्विड डॅमेज, वॉरंटी रद्द, दुरुस्तीचा खर्च अमुक', आणि तो खर्च फोनच्या निम्म्या किमतीच्या आसपास. पट्टी खरंच लाल झाली होती, मी स्वतः बघितली. पण मी पहिलं जॉबशीट काढून काउंटरवर ठेवलं. त्यांच्याच पेनानं, त्यांच्याच माणसानं लिहिलेलं 'नाही'. पहिल्या वेळी पांढरी, दुसऱ्या वेळी लाल, आणि मधे फोन उघडला कुणी? त्यांनीच. बंद करताना फट ठेवली कुणी? त्यांनीच. असा उघडा राहिलेल्या फोनमध्ये ओल जायला तो विहिरीत पडावा लागत नाही. मॅनेजरकडं उत्तर नव्हतं. त्यानं फक्त एवढंच म्हणलं की 'आम्ही सिस्टीममध्ये टाकलंय, आता बदलता येत नाही'.

इथून आमच्या घरातला वाद सुरू झाला. दीर म्हणले, "वहिनी, कशाला ताण घ्यायलात? माझ्या ओळखीचा एक वितरक आहे, त्याला बोलतो, काहीतरी कमी करून देतील. एवढ्याशासाठी कागद रंगवणं आपलं काम आहे का?" मी म्हणलं, मला कमी करून नको. मी काही उपकार मागायला गेले नव्हते. दिरांची ओळख आहे, चांगली गोष्ट आहे. पण माझ्या शेजारी जी बाई मशीनवर बसते तिची कुणाशी ओळख आहे? हिंगोलीच्या पोराची आहे का?

मी आधी १९१५ वर फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रार क्रमांक मिळाला. कंपनीनं तिथंही 'लिक्विड डॅमेज' हेच उत्तर दिलं आणि तक्रार बंद झाली. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, फक्त तिच्यापर्यंत पोहोचवते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. पण करा जरूर, पुढं कामाला येतो तो क्रमांक. मग मी स्वतःच्या हातानं मराठीत नोटीस लिहिली, पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि कंपनी, सेंटर, दुकानदार तिघांनाही रजिस्टर एडीनं पाठवली. (आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळलंय. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच मागा.)

कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं की मी फोन धंद्यासाठी वापरते, म्हणून मी ग्राहकच नाही. हे वाचून मला जितका राग आला तितका फट बघूनही आला नव्हता. ग्राहक संरक्षण कायद्यात साफ लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेऊन वापरणारा माणूस ग्राहकच असतो. मी फोन विकत घेऊन विकले असते तर गोष्ट वेगळी. मशीनवर बसून ब्लाऊज शिवणारीनं गिऱ्हाईकाचा फोन उचलला तर ती व्यापारी होत नाही.

मग परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. वकील लावला नाही, लावावाच लागतो असं काही नाही. शपथपत्र जोडलं, बिल, दोन्ही जॉबशीट, फोटो, नोटिशीच्या पोचपावत्या जोडल्या. कंपनीला आयोगाची नोटीस गेल्यावर मात्र तिच्या वकिलाचा सूर बदलला. 'त्याच मॉडेलचा फोन देतो, तक्रार मागं घ्या.' मी म्हणलं, त्या सेंटरच्या हातून आलेला कुठलाच फोन मला नको, पैसे द्या, आणि जे काही ठरेल ते आयोगासमोर लिहून होईल. शेवटी तसंच झालं. फोनची पूर्ण किंमत आणि त्रासापोटी थोडी रक्कम. फार मोठी नाही.

दीर अजून म्हणतात की तेवढं ओळखीनंही झालं असतं. झालं असतं. पण मग सेंटरनं पुढच्या माणसाच्या जॉबशीटवर परत कोरे रकाने ठेवून सही घेतली असती. तुमच्या मामांनाही हेच सांगा. ओटीपीचंही तसंच. दीर अजून धास्तावलेले असतात की 'मी ओटीपी दिला म्हणून अडकलो असतो'. मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते, ओटीपी म्हणजे फोन हातात मिळाल्याची पावती. दुरुस्ती नीट झाली असं त्यातून कबूल होत नाही, आणि आत काय उघडं ठेवलंय ते काउंटरवर कुणाला दिसत नसतं.

आता तुमचं. सध्याचा कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. यात मोठा फरक असा की तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्याच आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की नोएडाला. नांदेडलाही जायची गरज नाही. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे. ऑनलाइनही दाखल करता येते, आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं असलं तरी घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच कायद्यानं अनुचित प्रथा आहे.

पैसे परत मिळतील का, हे मी कसं सांगू? दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं, भरपाई देणं, यातलं काहीही आयोग देऊ शकतो. तुम्ही मागताना पूर्ण किंमत मागा, शिवाय मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा. कमी मागून जास्त मिळत नसतं. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळं एवढ्या रकमेसाठी त्यांना अपील परवडत नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने, पण प्रत्यक्षात तारखा पडतात आणि लांबतं. तपासणीचे पैसे आधी तुम्हालाच भरावे लागू शकतात. फोन आयोगाकडून तपासायचा असेल तर मधे गल्लीतल्या दुकानात उघडू नका, नाहीतर सगळं खापर तुमच्यावर येईल. पाणी खरंच तुमच्या हातून गेलं असेल तर मात्र वॉरंटीचा हट्ट धरू नका, तिथं माझा सल्ला चालणार नाही. वॉरंटी नसताना पैसे देऊन केलेली दुरुस्ती बिघडली तरी तक्रार होते, ती सेवेतली त्रुटी धरतात. बिल नसेल तर यूपीआयनं दिलेल्या पैशाची नोंद जपा. आणि सेंटरनं फोनचा मुख्य बोर्ड (मदरबोर्ड) बदलला असेल तर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबरही बदललेला असू शकतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून बघा आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा, जुळत नसेल तर जॉबशीटवर नवा नंबर लिहून शिक्का घ्या.

नांदेडच्या सेंटरनं 'पाणी गेलंय' हे तोंडी सांगितलं की लिहून दिलं, ते तुम्ही सांगितलेलं नाही. तोंडी असेल तर आधी लेखी मागा, पट्टीच्या फोटोसकट, आणि पहिल्या जॉबशीटवर त्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. रकाना कोरा असेल तरी चालेल, फोन घेताना त्यांनी पाणी नोंदवलं नव्हतं एवढं तरी त्यातून दिसतं. देणार नाही म्हणले तर तिथंच उभ्या उभ्या कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा की अमुक तारखेला मी लेखी कारण मागितलं, दिलं नाही.