अंतर भागिले वेग, तरी विमानाची वेळ का जुळत नाही?

दोन विमानतळांमधलं अंतर ताशी ९०० किलोमीटरने भागून आलेले तास आणि तिकिटावरचे तास यांत एवढा फरक का, असं तुम्ही विचारलंय. कायमचं परदेशी जायचं ठरवताना हे आधीच विचारलंत ते बरं झालं. याच वाटेने तुम्हाला वर्षानुवर्षं ये-जा करायची आहे.

तुम्हाला मिळालेला किलोमीटरचा आकडा बरोबरच असणार. तो गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा असतो. सपाट नकाशावर ती वाट वाकडी दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, म्हणजे पटेल. विमान मात्र त्या दोऱ्यावरूनच जाईल असं नाही, आणि वारा तर सगळं गणित बदलतो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचे पट्टे, वाहतात, हिवाळ्यात अधिक जोराने. लंडन-न्यूयॉर्क अंतर दोन्हीकडून साधारण ५,५४० किलोमीटर, पण न्यूयॉर्कला जायला एरवी तासभर तरी जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. तेव्हा जाण्याची वेळ बघून येण्याची गृहीत धरू नका.

कधी एखाद्या देशाचं आकाशही विमानांना बंद केलं जातं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि वळसा घ्यावा लागल्याने फिनलंडमधल्या हेलसिंकीहून टोकियोचा प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला. कुणी चार-पाच वर्षांपूर्वीचा अनुभव सांगितला, तरी आजचं वेळापत्रक उघडून बघाच.

तिकिटावरचे तास हे विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ मात्र त्या त्या गावची, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका.

थेट विमान नसेल तर खरा प्रश्न मधल्या थांब्याचा आहे, आणि मी सर्वांत जास्त जपतो ते इथेच. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं, तर पुढची सोय साधारणपणे कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असली की बहुतेक वेळा सामान स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, त्यासाठी कधी त्या देशाचा व्हिसाही लागतो. अमेरिकेत तर एकच तिकीट असलं तरी देशात शिरताना बहुतेक वेळा पहिल्याच विमानतळावर बॅगा घेऊन कस्टम्समधून जावं लागतं. थांब्याच्या शहराचं नाव वाचून भागत नाही, विमानतळही वाचा: टोकियोत हानेडाला उतरून पुढचं विमान नारिताहून असेल, तर शहर ओलांडून जायचं आहे. सगळा संसार बॅगांत भरून निघताना सव्वा तासाचा थांबा मी कुणालाच सुचवणार नाही. तीन तास असू द्या.

आणखी एक बघा: त्या वाटेवर आठवड्यातून किती विमानं आहेत? घरून रात्री फोन आला आणि लगेच निघावं लागलं, तर दोन तास लांबची पण रोज विमान असलेली वाट आठवड्यातून दोनदाच सुटणाऱ्या थेट विमानापेक्षा लवकर पोहोचवते.