जॅझ गिटार : आधी स्केल की आधी साथ?

प्रश्न : मी बरीच वर्षे गिटारवर हिंदी-मराठी गाणी वाजवतो, लहानपणी हार्मोनियमही शिकलो आहे. जॅझ वाजवायचे मनात घेऊन अनेक स्केल बसवली, बोटेही चांगली फिरतात; परंतु जे वाजते ते जॅझसारखे वाटत नाही. कोठे कमी पडते? त्यासाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यावीच लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बोटे फिरत आहेत, तेव्हा उणीव हाताची नाही. रागसंगीतात एकदा लावलेला षड्ज शेवटपर्यंत हलत नाही. जॅझमध्ये मात्र दर एक-दोन बारला (बार म्हणजे येथे चार मात्रांचा गट) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह, बदलते, तिचा मूळ स्वर तेवढ्यापुरता ‘सा’ होतो आणि इतर सर्व स्वरांचे नाते त्याबरोबर बदलते. नुसते स्केल वाजवत राहिल्यास स्वर चुकत नाहीत, पण कॉर्ड बदलल्याचे त्यांतून ऐकूही येत नाही. म्हणून काही महिने सोलो बाजूला ठेवून आपण साथ शिकावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

सुरुवात डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन या साखळीपासून करावी, कारण ती जॅझच्या असंख्य गाण्यांत निरनिराळ्या पट्ट्यांत येत राहते. प्रत्येक कॉर्डचे मूळ स्वर, ग आणि नी एवढे तीनच स्वर घ्यावेत. सर्वांत बारीक तार पहिली धरल्यास डी मायनर सेव्हनसाठी पाचव्या तारेवर 5 वा, चौथीवर 3 रा व तिसरीवर 5 वा फ्रेट. जी सेव्हनसाठी सहावीवर 3 रा, चौथीवर 3 रा व तिसरीवर 4 था. सी मेजर सेव्हनसाठी पाचवीवर 3 रा, चौथीवर 2 रा व तिसरीवर 4 था. बाकीच्या तारा वाजू देऊ नयेत. आता तिसरी तार लक्षपूर्वक ऐका: डीचा कोमल नी एकच फ्रेट उतरतो आणि जीचा शुद्ध ग होतो. चौथ्या तारेवरचा स्वर तर जागचा हलतही नाही, तरी डीचा कोमल ग होता तो जीचा कोमल नी होतो. सीवर येताना तिसरी तार स्थिर राहते व चौथी एक फ्रेट उतरते. हे उतरणारे स्वर वाजवता वाजवता गाऊन पाहावेत. हार्मोनियमवर तयार झालेल्या आपल्या कानाला ते लवकर सापडतील आणि सोलोतली पहिली अर्थपूर्ण ओळ बहुधा त्यांतूनच निघेल.

लयीसाठी मेट्रोनोम (समान गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून त्याचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो असे धरावे. म्हणजे खरी लय 120 ची होते. त्यावर एफमधील ब्लूज, म्हणजे 12 बारचे, 48 मात्रांचे आवर्तन, जागा न चुकता फिरवता आले पाहिजे. सुरुवातीला हे फार अवघड वाटते, परंतु याला पर्याय नाही.

सोलोकडे वळाल तेव्हा पुस्तकाआधी रेकॉर्ड ऐकावी. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी (1923–1968) यांना नोटेशन वाचता येत नव्हते; त्यांच्या आधीचे गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांचे सोलो रेकॉर्डवरून ऐकून त्यांनी जसेच्या तसे बसवले आणि पुढे अंगठ्याने तार छेडण्याची व सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकत्र वाजवण्याची स्वतःची शैली घडवली. आपणही एकाच सोलोचे चार बार घ्यावेत, आधी गळ्यातून म्हणावेत, मग तारेवर शोधावेत आणि प्रत्येक स्वर त्या क्षणीच्या कॉर्डचा कोण लागतो, हे पाहावे. असे चार बार वर्षभर पाठ केलेल्या स्केलपेक्षा अधिक शिकवतात, असे माझे ठाम मत आहे.

गिटारविषयी थोडक्यात: सध्याची पुरेशी आहे. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन 1937 पासून जवळपास पन्नास वर्षे मुख्यतः अशाच दोन-तीन स्वरांच्या कॉर्डवर आणि बिनविजेच्या गिटारवर साथ करत होते. चार्ली ख्रिश्चन 1939 मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात आले ते मात्र इलेक्ट्रिक गिटार घेऊन, कारण ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेका तारेवरचा सोलो ऐकू जाण्यासाठी तिची गरज होती. ड्रम्स आणि सॅक्सोफोन यांच्यासोबत वाजवण्याची वेळ आपल्यावर येईल, तेव्हा ती घ्यावी.