जुन्या इंग्रजीतला ‘हार्ट-पी’ हा कोणता वाटाणा?

वाटाणा नव्हेच. ‘हार्ट-पी’ हे आपल्या कपाळफोडीच्या वेलीचं जुनं इंग्रजी नाव. तिच्या फुगीर, कागदासारख्या फळात वाटाण्याएवढ्या गोल काळ्या बिया असतात आणि प्रत्येक बीवर पांढरा, हुबेहूब बदामाच्या आकाराचा ठिपका. एकदा बी हातावर घेऊन बघाच, फार देखणी असते! वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही ग्रीक शब्द जोडून ‘कार्डिओस्पर्मम’, म्हणजे हृदयबीज, हेच नाव वापरलं. नावावरून काहीजण तिला हृदयविकाराचं औषध समजतात. तसं अजिबात नाही, नाव फक्त ठिपक्यामुळे पडलं. वाटाण्याच्या कुळाशीही नातं नाही. ही रिठा-लिचीच्या कुळातली. मराठी नाव मात्र मुलांच्या खेळातलं: फळ कपाळावर आपटून फट्दिशी फोडायचं.