कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जोडून पडद्याचं चित्र बनवणारा प्रोग्रॅम) आपलाच असेल, तर फ्रेमबफरचा, म्हणजे त्या चित्राच्या बफरचा, मेमरी लेआउट ड्रायव्हरने पुन्हा का तपासायचा? आणि तपासायचाच असेल, तर काय काय?

"कंपोझिटर आपलाच आहे" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी एका कोड रिव्ह्यूमध्ये ऐकलंय, आणि त्यापायी माझे दोन दिवस मातीत गेलेत.

पिच म्हणजे मेमरीत एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे बाइट. आमच्या चिपचं पिच रजिस्टर ६४ बाइटच्या एककात होतं. ड्रायव्हर बाइटमधल्या पिचला ६४ ने भागतो आणि भागाकार रजिस्टरात लिहितो. बाकी उरली तर ती हवेत. म्हणून मी पॅचमध्ये चार ओळी घातल्या होत्या: पिच ६४ च्या पटीत नसेल तर सरळ ईइनव्हॅल ("चुकीची माहिती दिली" असा एरर कोड). आमच्या वरिष्ठांनी त्या काढायला लावल्या. "आपलाच कंपोझिटर, तो चुकीचं कशाला देईल? शिवाय तपासणीने फ्रेम हळू होतात. आणि सगळे मोड चालवून पाहिलेत की." पाहिले होते, खोटं नाही. १९२० रुंदीला चार बाइटच्या पिक्सेलने ७६८० बाइट होतात, ६४ ने पूर्ण भाग जातो. १२८० ला ५१२०, तिथेही जातो. नेहमीच्या रुंद्यांना जातोच, म्हणून तर हा बग इतका निवांत झोपून राहतो.

मग १३६६ × ७६८ चं पॅनल आलं. एका ओळीचे ५४६४ बाइट. ६४ ने भागा, ८५ येतात आणि २४ उरतात. कंपोझिटरने पिच ५४६४ च दिला, त्याला अडवणारं कोणी नव्हतंच. पडद्यावर डेस्कटॉप असा कलंडलेला, की पत्त्यांचा कॅट कोणी बोटाने एका बाजूला सारलाय असं वाटावं. खापर फुटलं पॅनलवर. टायमिंग बघा, पिक्सेल क्लॉक बघा, केबल बदला. त्यात आमचं टेस्ट ॲप करडा कोरा पडदा आणि आडवे पट्टे एवढंच दाखवायचं, आणि त्या दोन्हींत ओळ कितीही सरकली तरी डोळ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वैतागून मी काळ्या पडद्यावर डाव्या कडेला एक पिक्सेल रुंदीची पांढरी उभी रेघ काढली. ती खाली येता येता उजवीकडे चालू लागली. फोनवर फोटो काढून, मोठा करून मोजलं: शंभर ओळी खाली सहाशे पिक्सेल. ओळीमागे सहा पिक्सेल, म्हणजे २४ बाइट. तीच ती उरलेली बाकी! हार्डवेअर प्रत्येक ओळ ५४४० बाइटची धरून वाचत होतं. पॅनल बिचारं निर्दोष.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. लिनक्सचं डीआरएम कोअर (सगळ्या डिस्प्ले ड्रायव्हरांचा सामायिक भाग) ॲडएफबी२ मध्ये, म्हणजे फ्रेमबफर बनवायच्या कॉलमध्ये, बरंच बघतं: रुंदी-उंची शून्य नाही ना, पिच ओळीला पुरतो ना, उंची गुणिले पिच अधिक ऑफसेट (बफरमध्ये चित्र कितव्या बाइटपासून सुरू होतं ते) ३२ बिटांत मावतं ना. पण जेम ऑब्जेक्ट (चित्रामागचा खरा मेमरीचा तुकडा) किती मोठा आहे आणि तुमच्या चिपला कोणती अलाइनमेंट लागते, म्हणजे पिच कितीच्या पटीत हवा, हे कोअरला माहीत नसतं. आकाराचं काम जेमचा तयार हेल्पर करतो: (उंची − १) × पिच + शेवटच्या ओळीचे बाइट + ऑफसेट, एवढी जागा आहे का. उंची × पिच धरलंत तर धोका काही नाही, पण शेवटच्या ओळीला पॅडिंग (ओळीपुढची भरीची जागा) नसलेला चांगला बफरही नाकारला जाऊ शकतो. टाइल्ड लेआउटला (चित्र ओळींऐवजी छोट्या चौकटींत ठेवतात तो) मात्र हे सूत्र लावू नका. इंटेलच्या वाय टाइलमध्ये १२८ बाइट आणि ३२ ओळी असतात. १०८० ओळींना ३४ टाइल लागतात, म्हणजे जागा १०८८ ओळींची हवी.

तुमचा खासगी आयॉक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला थेट करायचा कॉल) असेल (आमच्याकडे होता, तेही एक दुखणंच) तर गुणाकार ६४ बिटांत करा. ६५५३६ ओळी गुणिले ६५५३६ पिच ३२ बिटांत बरोब्बर शून्य येतं. मग मेमरीच्या एका पानाएवढा चिमुकला बफरही तपासणीतून सुटतो, आणि आयओएमएमयू (हार्डवेअरला फक्त नेमून दिलेली मेमरी दिसू देणारा पहारेकरी) नसेल तर दुसऱ्याच्या मेमरीतलं पडद्यावर येतं.

आणि ऑफसेट आला असेल तर तोच वापरा, स्वतः शहाणपणा करून काढू नका. एनव्ही१२ व्हिडिओत (यात उजेडाची माहिती आधी आणि रंगाची नंतर, वेगळ्या प्लेनमध्ये असते) डिकोडर १०८० ओळींना १०८८ करून मगच रंगाचं प्लेन ठेवतो. आमच्या ड्रायव्हरने पिच × १०८० असा आपलाच हिशेब केला, आणि रंग १६ ओळी खाली सरकला. माणसाच्या ओठांचा लाल हनुवटीवर. हा कारभार कोणाचा ते सांगायला नकोच.

तपासणीने फ्रेम हळू होतात हे तर धादांत खोटं. मेमरीची तपासणी फ्रेमबफर बनवताना एकदा होते, दर फ्लिपला (पडद्यावर नवी फ्रेम लावताना) नाही. स्केलर, रोटेशन, हार्डवेअरच्या कुठल्या थराला (त्यालाही प्लेनच म्हणतात) काय चालतं, हे तेवढं ॲटॉमिक चेकमध्ये, म्हणजे पडद्यावरचा बदल लागू करण्याआधीच्या तपासणीत. ईइनव्हॅल परत करताना कारण डीबग लॉगमध्ये लिहा, एरर लॉगमध्ये नाही, नाहीतर कुठलाही प्रोग्रॅम लॉग भरून टाकेल. आयजीटी या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या टेस्ट-संचातल्या केएमएस ॲडएफबी बेसिक टेस्टमध्ये ६३, ९९९ असले मुद्दाम वाकडे पिच देऊन पाहतात, ती चालवा.

हो, ६४ हा आकडा आमच्या चिपचा होता, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. आणि बफर कॅमेऱ्याकडून किंवा डिकोडरकडून डीएमए-बफने (एका ड्रायव्हरचा बफर दुसऱ्याला वापरू देण्याची सोय) येत असेल, तर लेआउट तुमचा कंपोझिटर ठरवतच नाही. मग तो आपला असला काय नि परका असला काय.

त्या चार ओळी नंतर ड्रायव्हरमध्ये गेल्या. वरिष्ठांनी स्वतःच्या नावाने टाकल्या. कमिट मेसेज: "किरकोळ साफसफाई".