१९४० मध्ये जर्मन विमानं रोज चाल करून येत असताना ब्रिटनची मोजकी लढाऊ विमानं पुरी कशी पडली?

मुख्य कारण म्हणजे विमानं उगाच हवेत ठेवावी लागली नाहीत. सतत गस्त घातली असती तर इंधन वाया गेलं असतं आणि वैमानिक थकून गेले असते.

फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे, प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी उभारलेली यंत्रणा मला स्पिटफायर या गाजलेल्या लढाऊ विमानापेक्षाही मोठी वाटते. किनाऱ्यावरची ‘चेन होम’ रडार समुद्रापलीकडून येणारी विमानं टिपायची. पण ती फक्त समुद्राकडे बघत. विमानं किनारा ओलांडून आत आली की ऑब्झर्व्हर कॉर्प्स या टेहळणी दलाचे लोक दुर्बिणीतून पाहून फोनवर कळवत. सगळी माहिती कंट्रोल रूममधल्या मोठ्या नकाशावर उतरायची. हवाई दलातल्या तरुणी लांब दांड्यांनी त्यावर सोंगट्या सरकवत. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे होते आणि सोंगटीचा रंग त्यानुसार बदलायचा, त्यामुळे बातमी किती जुनी आहे हे एका नजरेत कळायचं. मग कंट्रोलर रेडिओवरून नेमकी तुकडी नेमक्या दिशेला पाठवायचा.

लंडनजवळच्या बिगिन हिल हवाई तळावर बॉम्ब पडत असतानाही फोन न सोडणाऱ्या हवाई दलातल्या तिघींना मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळालं. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं.

आणि हो, स्पिटफायरचा बोलबाला जास्त असला तरी संख्येने हरिकेन ही दुसरी लढाऊ विमानं जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानंही त्यांनीच पाडली.

७ सप्टेंबरपासून जर्मनांनी हवाई तळांवरचा रोख लंडनकडे वळवला, तेव्हा घायकुतीला आलेल्या तळांना दम घ्यायला उसंत मिळाली.