विमानप्रवासातील 'स्टँडबाय'साठी स्पॅनिशमध्ये 'लिस्ता दे एस्पेरा' लिहिले तर चालते का?

एका विमानकंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फुकट किंवा सवलतीच्या प्रवासासाठी असलेली पुस्तिका आपण इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणत आहात. 'स्टँडबाय'ला सरसकट 'लिस्ता दे एस्पेरा', म्हणजे प्रतीक्षायादी, असे लिहिले तर चालेल का, आणि बाकीच्या संज्ञांची तयार सूची कुठे मिळेल का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर पुढे जमेल तसे देतो. मात्र या 'नाही'साठी मी एकेकाळी बराच भांडलो असल्यामुळे आधी ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी अगदी अशीच एक पुस्तिका एका भाषांतरसंस्थेमार्फत माझ्याकडे आली होती. तिच्यात प्रवाशांच्या तीन अवस्था सांगितल्या होत्या. पहिला प्रवासी पक्के आरक्षण असलेला, दुसरा प्रतीक्षायादीतला आणि तिसरा स्टँडबाय. प्रतीक्षायादीतला मनुष्य आरक्षणाच्या पातळीवर थांबलेला असतो. त्या वर्गातल्या किंवा त्या दराच्या जागा संपलेल्या असतात, पुढेमागे एखादी रिकामी झाली की त्याचे आरक्षण पक्के होते आणि तो इतरांसारखाच प्रवासी ठरतो. स्टँडबायवाल्याचा हिशेब विमानतळावर, त्याच दिवशी, बहुतेक वेळा दार बंद व्हायच्या थोडे आधी होतो. पैसे भरलेल्या सगळ्या प्रवाशांना बसवून जे उरेल ते त्याचे, आणि काहीच उरले नाही तर त्याला तक्रारीला जागा नाही, कारण ही अट त्याने तिकीट घेतानाच मान्य केलेली असते. तिकिटावरचे संकेतही हा भेद पाळतात. पक्क्या जागेपुढे 'ओके', मागणी नोंदवलेल्या जागेपुढे 'आरक्यू' आणि उपलब्ध जागेवर अवलंबून असलेल्यापुढे 'एसए' अशी अक्षरे येतात. म्हणून मी प्रतीक्षायादीला 'लिस्ता दे एस्पेरा' ठेवले आणि स्टँडबायला 'सुखेतो आ एस्पासिओ', म्हणजे जागेच्या अधीन, असे लिहिले. हा शब्द मी घडवलेला नव्हता. लॅटिन अमेरिकेतल्या विमानकर्मचाऱ्यांच्या बोलण्यात तो रुळलेला आहे.

मजकूर तपासणारे गृहस्थ स्पेनमध्ये जन्मलेले, संपादनाचा दीर्घ अनुभव असलेले होते. त्यांनी माझे सगळे 'सुखेतो आ एस्पासिओ' खोडून तिथे 'लिस्ता दे एस्पेरा' घातले आणि समासात 'असे कोणी बोलत नाही' एवढाच शेरा मारला. परिणामी अग्रक्रमाच्या प्रकरणात एक वाक्य असे तयार झाले : लिस्ता दे एस्पेरामधील प्रवाशांना जागा दिल्यानंतरच लिस्ता दे एस्पेरामधील प्रवाशांचा विचार केला जाईल. मी हे वाक्य वेगळे काढून त्यांना पाठवले. संदर्भावरून वाचकाला कळते, असे उत्तर आले. कोणत्या संदर्भावरून, असे मी विचारले, तेव्हा स्पॅनिश ही माझी मातृभाषा नाही याची मला सभ्य शब्दांत आठवण करून देण्यात आली. संस्थेने त्यांची बाजू घेतली आणि पुस्तिका तशीच गेली.

ते वाक्य एक वेळ हसून सोडता आले असते, पण दुसरी दुरुस्ती अधिक गंभीर होती. ज्या स्टँडबाय प्रवाशाला जागा मिळाली नाही त्याच्यासाठी मी 'जो प्रवास करू शकला नाही' अशा अर्थाची साधी रचना केली होती. तिच्या जागी त्यांनी 'देनेगासिओन दे एम्बार्के', म्हणजे विमानात चढू देण्यास नकार, हा भारदस्त शब्दप्रयोग बसवला. ही कायद्याची संज्ञा आहे. विमानप्रवाशांच्या हक्कांविषयीच्या युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमावलीच्या स्पॅनिश पाठात, पक्के आरक्षण असूनही ज्याला विमानात घेतले नाही त्याच्यासंबंधी ती येते, आणि तिच्या मागोमाग अंतरानुसार 250, 400 किंवा 600 युरोंची भरपाई येते. त्याच नियमावलीचे तिसरे कलम सांगते की, फुकट किंवा सर्वसामान्यांना उपलब्ध नसलेल्या सवलतीच्या दराने प्रवास करणाऱ्यांना ती लागू नाही. म्हणजे ज्या कर्मचाऱ्यांना कायद्याने स्पष्टपणे वगळले होते, त्यांनाच आमच्या पुस्तिकेने भरपाईची आशा दाखवली. काही महिन्यांनी कंपनीकडून मजकूर परत आला. अग्रक्रमाच्या त्या वाक्याभोवती वर्तुळ काढून 'यांपैकी कोणती यादी कोणती?' असे विचारले होते, आणि भरपाईच्या परिच्छेदावर कायदा विभागाचा लांबलचक आक्षेप होता. दुरुस्ती मीच केली, तीही विनामोबदला. त्या गृहस्थांकडून पुढे एक ओळही आली नाही.

एखादी भाषा आईच्या मांडीवर शिकलेल्या माणसाला तिचा नाद माझ्यापेक्षा नक्कीच अधिक कळतो. परंतु विमानाच्या दारापाशी कोणाला आधी बसवायचे याचे ज्ञान त्या मांडीवर मिळत नाही. आपल्यालाही असा तपासनीस भेटला तर शब्दावर वाद घालू नका. त्याला तीन अवस्थांचा तक्ता भरून मागा. तक्त्यातल्या दोन रकान्यांत एकच शब्द आला की त्याचे त्यालाच दिसेल. हे मला तेव्हा सुचले नाही, याची खंत अजून आहे.

आता सूचीविषयी. मी तिच्या मागे लागणार नाही, कारण या पुस्तिकांत बहुतेक चुका अवघड शब्दांत होतच नाहीत, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत होतात. 'लोड' म्हणजे विमान किती भरले आहे. त्याला 'कार्गा' म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मालाची खोकी येतात, म्हणून 'ओकुपासिओन' लिहावे. 'डिपेंडंट' म्हणजे कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय. स्पेनमध्ये 'देपेन्दिएन्ते' म्हणजे दुकानात माल दाखवणारा नोकर, तेव्हा 'फामिलिआरेस आ कार्गो' हे सुरक्षित. गर्दीच्या ज्या तारखांना सवलतीचा प्रवास बंद असतो त्यांना इंग्रजीत 'एम्बार्गो' म्हणतात, पण स्पॅनिशमध्ये त्या शब्दाने जप्तीची आठवण होते. तिथे 'निर्बंधित तारखा' अशा अर्थाचे 'फेचास रेस्त्रिन्खिदास' पुरते. 'सीनिऑरिटी' म्हणजे 'आंतिग्वेदाद', आणि ती जपून वापरावी, कारण काही कंपन्या अग्रक्रम नोकरीच्या वर्षांवर ठरवतात, तर काही चेक-इनच्या वेळेवर. एखादा स्टँडबायवाला 'क्लिअर' झाला म्हणजे त्याला आसन मिळाले. तिथे 'आउतोरिसादो' लिहिले तर नियंत्रण कक्षाने उड्डाणाला परवानगी दिल्यासारखे वाटते. कर्मचाऱ्यांची घडीची खुर्ची, म्हणजे 'जम्पसीट', हिला 'त्रान्सपोर्तिन' म्हणतात खरे, पण स्पेनमधल्या सामान्य वाचकाच्या घरी त्याच नावाच्या पेटीतून मांजर पशुवैद्याकडे जाते. तसेच कामगिरीवर पोहोचण्यासाठी प्रवासी म्हणून नेलेले कर्मचारी हे स्टँडबाय नसतात, त्यांना ड्यूटीवर पाठवलेले असते. स्पेनमध्ये ते 'दे सित्वासिओन' जातात असे म्हणतात.

याहून मोठा प्रश्न देशाचा आहे आणि तो आपण विचारलेलाच नाही. तिकीट स्पेनमध्ये 'बियेते', मेक्सिकोत 'बोलेतो', कोलंबियात 'तिकेते' आणि दक्षिणेकडे बऱ्याच ठिकाणी 'पासाखे' असते. सामान सोपवणे स्पेनमध्ये 'फाक्तुरार', मेक्सिकोत 'दोकुमेन्तार', अर्जेंटिनात 'देस्पाचार'. 'सोब्रेकार्गो' हा मेक्सिकोत विमानातला कोणताही सेवक, तर स्पेनमध्ये त्यांचा प्रमुख. विमान 'पकडणे' यासाठी स्पेनमध्ये सहज वापरले जाणारे 'कोखेर' हे क्रियापद मेक्सिको किंवा अर्जेंटिनाच्या वाचकांपुढे मुळीच ठेवू नये. कारण विचारू नका, शब्दकोश पाहा. कंपनीने 'तटस्थ स्पॅनिश' मागितले असेल तर हा मजकूर नेमका कोणत्या तळावर वाचला जाणार आहे, हे लेखी विचारून घ्या आणि त्या तळावरच्या एखाद्या दारावरील कर्मचाऱ्याशी अर्धा तास बोला. मला जे शब्द मिळाले ते बहुतेक असेच मिळाले.

एक गोष्ट मी उशिरा सांगतो आहे, हे मान्य करतो. सामान्य प्रवाशांसाठीच्या मजकुरात स्टँडबायला 'लिस्ता दे एस्पेरा' म्हणण्याचा प्रघात स्पॅनिशमध्ये आहे, आणि पैसे भरून आलेला, पुढच्या विमानात पक्की जागा असलेला, पण आधीच्या विमानाने जाऊ इच्छिणारा प्रवासी त्या शब्दाने मुळीच गोंधळत नाही. तिथे मीही तोच शब्द लिहितो. 'असे कोणी बोलत नाही' हा शेरा त्या गृहस्थांनी बहुधा अशाच प्रवाशाला मनात धरून मारला असावा आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही होते. मात्र आपल्या पुस्तिकेत प्रतीक्षायादी हा वेगळा प्रकार असेल, तर आधी तो शब्द तिला देऊन टाका आणि स्टँडबायसाठी 'सुखेतो आ एस्पासिओ' ठेवा. स्पेनच्या वाचकांसाठी 'एस्पासिओ'ऐवजी 'प्लासा', म्हणजे आसन, हा शब्द अधिक जवळचा आहे.