नाशिकमध्ये गोदाकाठची घरे प्रत्यक्षात कोणत्या भावाने विकली गेली, हे कसे कळेल?

आपण विचारले आहे की, आनंदवल्ली ते सोमेश्वर या नदीलगतच्या पट्ट्यात गेल्या वर्षभरात सदनिका कोणत्या भावाने विकल्या गेल्या आणि जाहिरातीतील आकड्यांवर कितपत विसंबावे. धाकट्या बहिणीसाठी याच भागात घर शोधताना मला हे सारे शिकावे लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातीत दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा. व्यवहार किती रुपयांना झाला हे पाहायचे असेल, तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे क्रमांक भरून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढावी. तीत मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्त नोंदवल्याचा दिनांक ही माहिती असते. यातील 'बाजारभाव' हा शब्द फसवा आहे. तो शासनाच्या दरतक्त्यावरून, म्हणजे रेडीरेकनरवरून, काढलेला आकडा असतो. दोन्ही पक्षांनी दस्तात लिहिलेली रक्कम 'मोबदला' या रकान्यात असते आणि तुलनेसाठी तीच घ्यावी. बक्षीसपत्रे आणि हक्कसोडपत्रे बाजूला काढावीत, कारण ते घरातले व्यवहार असतात. नव्या इमारतीतील करारनाम्याचा भाव बुकिंगच्या वेळी, कधी कधी नोंदणीच्या बऱ्याच आधी ठरलेला असतो, हेही लक्षात ठेवावे.

सर्वाधिक गोंधळ क्षेत्रफळाचा होतो. समजा, सूचीत 62 चौरस मीटर चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा, आणि 45 लाख रुपये मोबदला आहे. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, म्हणून हे घर सुमारे 667 चौरस फुटांचे झाले आणि भाव पडला साधारण 6,750 रुपये प्रति चौरस फूट. तेच घर जिना, लिफ्ट, मोकळी जागा धरून 950 फुटांचे सांगितले, तर भाव 4,740 च्या आसपास दिसतो आणि घर स्वस्त वाटू लागते. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, लागू झाल्यापासून नव्या प्रकल्पांत चटई क्षेत्रावरच विक्री करावी लागते. जुन्या इमारतींच्या पुनर्विक्रीत मात्र आजही बिल्टअपची, म्हणजे अशा वाढीव क्षेत्राची, भाषा चालते. त्यामुळे प्रत्येक व्यवहार आधी चटई क्षेत्रावर आणावा आणि मगच त्यांची तुलना करावी.

आता नदीचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच गल्लीतील दोन इमारतींच्या भावांत मोठे अंतर दिसले, तर कारण अनेकदा पूररेषेत सापडते. निळी रेषा साधारणतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवरच होते. आम्हाला एक सदनिका आजूबाजूच्या मानाने फारच स्वस्त मिळत होती. महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा काढला, तेव्हा इमारत निळ्या रेषेच्या आत असल्याचे कळले. ती जुनी होती आणि उद्या पाडली, तर त्याच जागी पुन्हा उभी राहणे अवघड होते. तो कमी भाव त्या जागेपुरताच खरा होता आणि तो धरून शेजारच्या इमारतीचा भाव ठरवणे चुकीचे ठरले असते.

2008, 2016 आणि 2019 चे पूर नाशिककरांना चांगले आठवतात. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी चढले, यावरून शहर आजही पुराची उंची सांगते. आपण पाहत असलेल्या इमारतीच्या वाहनतळात त्या तीन वर्षी पाणी शिरले होते का, हे तेथील जुन्या रहिवाशांना अवश्य विचारावे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सर्वांत आधी त्यांनाच गाड्या वर हलवाव्या लागतात, त्यामुळे त्यांना ते नेमके ठाऊक असते.

2027 च्या सिंहस्थामुळे भाव वाढणारच, असे आपल्याला ठिकठिकाणी ऐकवले जाईल. त्यावर वाद न घालता त्याच इमारतीतील, किंवा अगदी शेजारच्या, गेल्या बारा महिन्यांतील निदान चार-पाच नोंदी समोर ठेवाव्यात. मजला, वाहनतळाचा हक्क आणि इमारतीचे वय यांतील फरक लक्षात घेऊन जो पल्ला हाती येईल, त्यातच बोलणी करावीत. आम्ही असेच केले; बहिणीने घेतलेले घर लाल रेषेच्या बाहेर आहे आणि मालकाने आधी सांगितलेली किंमत या नोंदी दाखवल्यावर त्याने स्वतःच खाली आणली.